कंपाउंडर विरोधी बाजूने बोलतात

चिठ्ठी उघडून सरपंच सत्यभामाबाईंनी ती आधी मनातल्या मनात वाचली. मग चष्मा पदराला पुसून पुन्हा वाचली, आणि मग त्या इतक्या मोठ्यानं हसल्या की ग्रामपंचायतीच्या ओसरीवर झोपलेलं कुत्रं उठून चालतं झालं.

"तुलाराम कंपाउंडर," त्या म्हणाल्या, "विरोधी बाजू."

"कायची विरोधी?" तुलाराम खुर्चीतून अर्धा उठला.

"साथीतले हे सारे उपाय फुकाचे आहेत, असं तुमाले बोलाचं आहे. अन् भोजराजभाऊ, तुमाले बोलाचं आहे का उपाय लय कामाचे आहेत."

दारात उभ्या असलेल्या भोजराजच्या तोंडातला तंबाखूचा खर्रा गिळला जाता जाता राहिला.

सानगडीच्या एका मंडळानं ही वादविवाद स्पर्धा काढली होती. गावोगावचे दोन-दोन वक्ते, एक बाजूनं, एक विरोधात. परीक्षक सानगडीत बसून फोनवर ऐकणार. विषय होता, 'साथीच्या काळातले उपाय परिणामकारक आहेत'. बोडीटोल्याची दोन नावं ठरायला वेळ लागला नाही. पण कोणी कुठल्या बाजूनं बोलायचं हे चिठ्ठीनं ठरवावं, अशी मंडळाची अट होती. आणि बोडीटोल्यात याहून उलटी चिठ्ठी निघणं शक्यच नव्हतं.

तुलारामनं सरकारी दवाखान्यात एकतीस वर्षं ड्रेसर म्हणून पट्ट्या बांधल्या होत्या. औषधाच्या बाटलीला त्यानं कधी हात लावला नव्हता, तरी गाव त्याला कंपाउंडर म्हणायचं आणि त्यानं ते कधी नाकारलं नाही. मार्चमध्ये टाळेबंदी लागली आणि गावच्या दक्षता समितीचा प्रमुख म्हणून त्याचंच नाव आलं. त्यानं रस्त्यावर सुंभाचा दोर बांधला, दोराजवळ पाण्याचा ड्रम आणि साबण ठेवला, रेशन दुकानासमोर चुन्याचे गोल काढले, आणि सहा फुटांचा एक बांबू कापून तो गावभर हातात घेऊन फिरू लागला. दोन माणसं बोलताना दिसली की मधे बांबू आडवा धरायचा. बांबूपेक्षा कमी अंतर निघालं तर दोघांना एकेक पाऊल मागं सारायचं.

आणि भोजराजची पिठाची चक्की. तिथं रोज सकाळी तो दळता दळता कंपाउंडरच्या बांबूचं पीठ पाडायचा. "वीस वर्षं चक्की चालवून रायलो मी," तो पट्ट्याच्या आवाजावर ओरडून सांगायचा. "फडकं बांधा का नका बांधू, पीठ नाकात जातेच. एवढं जाडं पीठ जाते, तं थो बारीक किडा फडक्याले विचारून थांबन काय?" यावर तुलाराम फक्त बांबू आडवा धरायचा.

"बाई, आमी चिठ्ठ्या बदलून घेतो," तुलाराम म्हणाला.

"हाव, बदलून घेतो," भोजराज म्हणाला. चार महिन्यांत दोघांचं पहिल्यांदाच एकमत झालं.

"नाही. आपआपल्या बाजूचं तं तुमी रोजच बोलता. ते आयकून आयकून आमचे कान किटले. आतं जरा उलटं आयकू द्या. पुढच्या शनिवारी दुपारी, इथंच."

तुलाराम घरी आला तो उपास घडल्यासारखा चेहरा करून. पण हातात घेतलेलं काम अर्धवट करणं त्याच्या रक्तात नव्हतं. पट्टी बांधायची तर नीट बांधायची, मग ती दुष्मनाच्या पायाला का असेना. तो वही-पेन घेऊन ओसरीवर बसला, 'सन्माननीय परीक्षक' एवढं लिहिलं, आणि पुढचा अर्धा तास छताकडं पाहत राहिला. त्याची बायको रुखमा धानाच्या रोवणीहून येऊन अंगणात पायांचा चिखल धूत होती.

"का झालं?" तिनं विचारलं.

"उपायांच्या विरोधात बोलाचं आहे. एक मुद्दा सुचन तं शप्पथ."

रुखमानं तांब्या खाली ठेवला. "लिवा," ती म्हणाली.

"काय लिवू?"

"तुमी दोर बांधला रस्त्यावर. अर्धं गाव तळ्याच्या पाळीवरून येते-जाते. तिकडं दोर आहे काय? लिवा. साबन ठेवता ड्रमवर, थो दोन घंट्यात कावळा नेते. साऱ्या गावात हात कोनाचे साफ असन तं कावळ्याचे. लिवा. रेशनच्या गोलात लोक चपला ठेवतेत अन् सोता चिचेखाली मांडीले मांडी लावून बसतेत. भोंग्यावर तुमी सांगता का गर्दी करू नका, अन् भोंगा काय म्हनते हे आयकाले भोंग्याखाली गर्दी होते."

तुलाराम लिहिता लिहिता थांबला. "हे तू मले आदी काहून नाही सांगितलं?"

"तुमी कधी विचारलं? लिवा. एका घरात एकच मास्क. जो बाहेर जाते थो खुटीवरचा घालून जाते. सकाळी सासरा, दुपारी जावई. अन् तुमचा बांबू."

"बांबूचं काय?"

"तुमी बांबू लावून मोजता, अन् मोजमाप पाहाले दहा जन तुमच्या आंगावर येतेत."

तुलारामनं हेही लिहिलं. लिहिताना त्याचे कान तापले होते. पण मुद्दे खरे होते. आणि खरा मुद्दा हातात आला की बोलणाऱ्याची जीभ आपोआप चालते. आठवडाभर पाठ करून तो आपल्या बांधीच्या धुऱ्यावर, म्हणजे धानशेताच्या बांधावर, जाऊन उभा राहिला, फोन एका दगडाला टेकवला, आणि धानाच्या रोपांसमोर त्यानं जे भाषण ठोकलं त्यानं त्याचा तोच चाट पडला. आवाज कुठं चढवावा, कुठं थांबावं, सगळं जमून आलं. "आमी दोर पाहतो, वाट पाहत नाही!" या वाक्यावर तर त्याच्या अंगावर काटा आला.

भाषण कसं झालं ते नागपुरात नोकरीला असलेल्या मनालीला, म्हणजे मुलीला, विचारावं म्हणून त्यानं ते रेकॉर्डिंग पाठवलं. फोनवर 'मनाली'च्या वरच 'माझं बोडीटोला' हा दोनशे माणसांचा ग्रुप होता. चिखलाचं बोट जरा वर पडलं.

चूक त्याच्या लगेच लक्षात आली. घाम फुटला, पण डोकं शाबूत होतं. ग्रुपवरचं काढून टाकता येतं हे मनालीनं त्याला शिकवलं होतं. त्यानं ते भाषण दाबून धरलं, फोननं दोन-तीन पर्याय विचारले, आणि त्यातला 'फक्त माझ्यासाठी काढा' हा त्याला सर्वांत सभ्य वाटला. दुसऱ्यांच्या फोनमध्ये आपण कशाला हात घालायचा? भाषण पडद्यावरून नाहीसं झालं. तुलारामनं सुटकेचा श्वास टाकला आणि तो घरी जाऊन स्वस्थ जेवला.

सकाळी बांबू घेऊन बाहेर पडला तर रस्त्यावर दोर नव्हता. तो दोर एका वासराच्या गळ्यात सापडला. ड्रम कोणाच्या तरी गोठ्यापुढं पोचला होता. रेशन दुकानासमोर लोक चुन्याच्या गोलांवर उभे राहून एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून बोलत होते, आणि तोंडावर फडकं औषधालाही नव्हतं. आश्चर्य म्हणजे त्याला पाहून कोणी पांगलं नाही. उलट रामराम-जयभीमचा पाऊस पडला.

"वा कंपाउंडर! छाती पाहिजे बाप्पा असं बोलाले!"

"चार महिने मनात ठेवलं असन बिचाऱ्यानं."

तुलाराम काही समजण्याच्या आत जागेश्वर त्याचे दोन्ही हात धरून उभा राहिला. जागेश्वरचा नव्वदीतला बाप मागच्या आठवड्यात झोपेतच गेला होता. रविवारी तेरवीचं जेवण होतं, आणि तुलारामनंच त्याच्याकडून वीस माणसांचा शब्द घेतला होता.

"काका, तुमी माहे डोळे उघडले," जागेश्वर म्हणाला. त्याचे डोळे खरंच भरून आले होते. "बापानं साऱ्या गावाचं अन्न खाल्लं अन् साऱ्या गावाले खाऊ घातलं. त्याच्या तेरवीले वीस पानं टाकाची म्हनजे मले रात्रभर झोप नव्हती. काल तुमचं भाषन आयकलं अन् आचाऱ्याले सांगून आलो. तीनशे पानं! माह्या साळ्याच्या गावचे सारेच येऊन रायले. तुमी पयल्या पंगतीले बसा."

त्या साळ्याच्या, म्हणजे मेहुण्याच्या, गावात आठवड्यापासून तापाची माणसं निघत होती, हे तुलारामनं स्वतःच ग्रुपवर टाकलं होतं.

"जागेश्वर, अरे ते भाषन खरं नोहे! स्पर्धेसाठी पाठ करून रायलो होतो मी. चिठ्ठी निघाली विरोधी!"

जागेश्वरनं आजूबाजूला पाहिलं, एक डोळा मिटला आणि आवाज खाली आणला. "समजलं काका. वरून दबाव आला असन. तुमी असंच सांगत जा. आमी कोनाले बोलत नाही."

तेवढ्यात मनालीचा फोन आला. "बाबा, हे काय बोलून ठेवलं तुम्ही?"

"तुले कोनं पाठवलं? मी तं काढून टाकलं!"

"मला साकोलीच्या मैत्रिणीनं पाठवलं. तिला लाखांदूरच्या मामानं."

तुलारामनं ग्रुपवर खुलासा लिहिला: 'सदर भाषण माझे मत नसून स्पर्धेचा सराव आहे.' त्याच्याखाली चौसष्ट जणांनी हात जोडलेलं चित्र टाकलं. एकानं लिहिलं, 'कंपाउंडर, घाबरू नका, गाव तुमच्या पाठीशी आहे.' त्यानं दुसरा खुलासा लिहिला. तेव्हा दुसऱ्यानं लिहिलं, 'किती छळून राहिले बिचाऱ्याले.' जितका तो नाकारी तितका लोकांचा विश्वास वाढे. चार महिने खरं सांगून जे साधलं नव्हतं ते एका खोट्या भाषणानं साधलं होतं, आणि ते नेमकं उलटं होतं.

संध्याकाळी दामिनी आली. ती गावची आशाताई. आठ वर्षांपूर्वी गावात सून म्हणून आलेली. काखेत वही, गळ्यात ओळखपत्र, पिशवीत ताप मोजायचं आणि बोटाला लावायचं यंत्र. दोनशे बारा घरं ती दर दोन दिवसांनी पायी फिरायची. तिला पाहून तुलारामनं मान खाली घातली. आता ही रडेल किंवा भांडेल. दोन्हीला तो पात्र होता.

"मामाजी," दामिनी ओसरीच्या कडेला टेकत म्हणाली, "तुमचं भाषन मी तीन वेळा आयकलं."

"बाई, मी चुकलो."

"चुकले कायचे? सारंच खरं आहे." तिनं वही उघडली. "तुमी सांगितलेली भोकं मी उतरवून घेतली. पाच झाली. सहावं कोनतं होतं? तिथं रेकॉर्डिंगमंधी टिटवी वरडली, आयकूच नाही आलं."

तुलारामनं मान वर केली. तिच्या चेहऱ्यावर टोमणा नव्हता. पेन तयार होतं.

"सहावं... बांबू," तो कसाबसा म्हणाला.

"हां, बांबू." तिनं लिहून घेतलं. "पाळीवरच्या वाटेवर आजपासून बचत गटाच्या बाया बसवल्या, पाळीपाळीनं. साबनाचे तुकडे जुन्या मोज्यात घालून टांगले, आतं कावळा काय नेते पाहू. घरोघरी दुसरा मास्क पाहिजे. चार बायांच्या मशिनी आहेत, कापड सरपंचबाई देते म्हनते. आतं बांबूचं का कराचं ते सांगा."

"बांबू मी सोता ठेवून देतो," तुलाराम म्हणाला. मग त्यानं विचारलं, "पन बाई, तेरवीचं?"

दामिनीनं वही मिटली. पहिल्यांदाच ती दमलेली दिसली. "थे मले नाही जमत मामाजी. दोनदा जाऊन आली. माह्या सांगन्यानं जागेश्वरभाऊ आयकत नाही, अन् तुमचं तं कोनी आयकतच नाही. आतं एकच मानूस रायला. ज्याले आजपावतो कोनी सरकारी म्हटलं नाही."

तुलाराम चक्कीवर गेला तेव्हा यंत्र बंद होतं आणि भोजराज पिठाच्या धुक्यात उभा राहून पोत्यांच्या थप्पीसमोर हातवारे करत होता. तोंडावर, नाकाच्या वरपर्यंत, तीन पदरी फडकं होतं. तुलाराम दारातच थबकला.

"आला चोर," भोजराज म्हणाला. "माहे सारे मुद्दे उचलून नेले, अन् माह्यापेक्षा चांगले बोलला. चार महिने माह्या चक्कीवर मले कोनी टाळी नाही वाजवली. तुले वाजवून रायले!"

"भोजराज, ते मरू दे. तुह्या तोंडाले हे काय?"

भोजराजनं डोक्यामागची गाठ सोडली आणि फडकं तुलारामच्या पुढं धरलं. बाहेरून ते पांढरंफटक होतं, ज्वारीच्या पिठानं लिंपल्यासारखं. मग त्यानं ते उलटलं. आतली बाजू कोरी होती.

"तीन दिवस सारखं दळलं," तो हळू आवाजात म्हणाला. "आदी मी धोतराचा एकेरी तुकडा बांधत होतो, थो बी नाकाच्या खाली. मले बाजूनं बोलाचं होतं, मुद्दा एक नव्हता. मंग दामिनीले म्हटलं, सांग काही. थे म्हनते, भाऊ, सांगाले वेळ नाही, मांगं मांगं चाला. गेलो. चार दिवस फिरलो तिच्या मांगं. तिसऱ्या दिवशी माह्या टाचा फुटल्या, अन् थे एका घरी तीनदा जाते! मनकर्नाबाईनं दार नाही उघडलं. दुसऱ्या दिवशी बी नाही उघडलं. तिसऱ्या दिवशी उघडून शिव्या देल्ल्या, तं ही पोरगी म्हनते, चला, आवाज दमदार आहे, म्हनजे श्वास बरोबर आहे. अन् वहीत लिवून घेतलं."

मग तुलाराम म्हणाला, "शनिवारी मी मुद्दाम पडेल बोलतो. अडखळतो. तू जिंक."

"खबरदार!" भोजराज उसळला. "पडेल मानसाले पाडून मले का भेटते? अन् लोक का म्हनन? म्हनन, पाहा, कंपाउंडरचं तोंड दाबलं. तू पुरा जोर लावून बोल. मी पुऱ्या जोरानं उत्तर देतो. देता नाही आलं तं तेरवीले पंगतीत पयलं पान माहं."

शनिवारी दुपारी सत्यभामाबाईंनी फोनशेजारी ग्रामपंचायतीचा ध्वनिक्षेपक ठेवला आणि सांगितलं की ज्यानं त्यानं आपल्या घरीच बसून ऐकावं; ओसरीवर कोणी दिसलं तर त्याच्या घराला नळाचं पाणी दोन दिवस उशिरा सुटेल. ओसरी रिकामी राहिली.

तुलाराम उभा राहिला. आयुष्यात त्याला इतकी भीती वाटली नव्हती. वाईट बोलावं तर डाव फसणार, चांगलं बोलावं तर तीनशे पानं वाढणार. त्यानं डोळे मिटले आणि तो बोलू लागला. दोर, पाळ, कावळा, चपला, भोंगा, खुंटीवरचा मास्क, सगळं आलं. "आमी दोर पाहतो, वाट पाहत नाही!" या वाक्याला घराघरांतून ताटल्या वाजल्या. शेवटी त्यानं आपलाच बांबू वर धरला आणि विचारलं, "याच्यानं अंतर वाढलं का हसू वाढलं?" तेव्हा तर गाव असं गडगडलं की सानगडीच्या परीक्षकांनी फोनवरून विचारलं, "तिकडं काही पडलं का?" तुलाराम खाली बसला. आपण बहुधा जिंकलो, या भीतीनं त्यानं बांबू खुर्चीखाली सारला.

भोजराज उठला. त्यानं फडकं काढलं नाही. आवाज जरा दबका आला, पण चक्कीच्या पट्ट्यावर वीस वर्षं पोसलेला आवाज तो. गावाच्या शेवटच्या घरापर्यंत पोचला.

"कंपाउंडर बोलला ते सारं खरं आहे," त्यानं सुरुवात केली. गाव चमकलं. "दोराले वाट आहे. पन गावकऱ्याहो, रोवणीच्या बांधीत पानी भरलं अन् खेकड्यानं धुऱ्याले भोक पाडलं, तं आपन का करतो? भोक बुजवतो, का म्हनतो, धुराच फालतू आहे, फोडून टाका? चिखलाचा एक गोळा लागते बाप्पा. अन् या धुऱ्याले भोक कोनं पाडलं? पाळीवरून कोन गेलं? मी गेलो. चक्कीवर मंडळी कोनं जमवली? मीनं जमवली. दोर खोटा नव्हता. खेकडा मी होतो."

कुठून तरी एक ताटली वाजली आणि लगेच थांबली.

"तुमी म्हनता, गावात रोगी नाही, मंग उपाय कायले? बाबुलाल आठवते काय? हैदराबादवरून आला होता. दामिनीनं त्याले घरी नाही जाऊ देल्लं, शाळेच्या खोलीत ठेवलं. बाबुलालची माय रडली, आपन सारे दामिनीले भलंबुरं बोललो. मी सर्वांत जास्त. नवव्या दिवशी त्याले ताप आला, तिथूनच गाडीत बसून भंडाऱ्याले गेला, बरा होऊन आला. किडा गावात आला होता बाप्पा! शाळेच्या एका खोलीत आला अन् तिथंच मेला. ज्या दिवशी काही झालं नाही, थो दिवस कोनाले दिसत नाही. म्हनून आपल्याले वाटते का काही होतच नव्हतं. त्या चौदा दिवसांत बाबुलालच्या घरच्या पंगतीत आपन बसलो असतो, तं आज ताटल्या वाजवाले किती हात रायले असते, थे मोजून सांगा. मी चक्कीवाला. मले मोजमाप समजते. मले या पोरीची मेहनत नाही मोजता आली. माफी मांगतो."

तो मटकन खाली बसला. कोपऱ्यात दामिनी वही उघडून बसली होती आणि एकाच ओळीवर बराच वेळ पेन फिरवत होती.

मग ओसरीखाली, चुन्याच्या गोलात, जागेश्वर येऊन उभा राहिलेला दिसला. त्यानं पंच्यानं तोंड बांधलं होतं. "बाई, जरा माइक द्या," तो म्हणाला. सत्यभामाबाईंनी वायर लांब करून माइक खाली सोडला.

"माह्या बापाच्या तेरवीले," जागेश्वरचा आवाज भोंग्यातून कापत आला, "घरचे अन् खांदेकरी, वीसच जन बसन. पन बापाच्या नावाचं अन्न साऱ्या गावाले भेटन. डबा दारावर ठेवून जाऊ. दामिनीवहिनी सांगन तसा. साळ्याले मी आताच फोन करतो."

रविवारी दोनशेहून अधिक घरांच्या उंबऱ्यांवर भाजी, वरण, भात आणि बुंदी पोचली. मनकर्णाबाईंनी डबा घेतला, आचाऱ्याला शिव्या दिल्या, आणि दामिनीनं वहीत नोंद केली. बुधवारी कळलं की साळ्याच्या गावात साथीची अकरा माणसं निघाली. त्यातली तीन साळ्याच्याच घरची, पंगतीत वाढायला येणारी. तिघं बरे झाले. जागेश्वर त्या दिवशी दामिनीच्या दारासमोर आला आणि "वहिनी, धानाचं निंदन आहे काय तुमच्याकडं?" एवढं विचारून, दुसऱ्या दिवशी तिच्या बांधीत सकाळपासून राबून गेला. पुढं भाद्रपदात बोडीटोल्यातही चार रोगी निघाले. पण ते चारचे पाच झाले नाहीत.

निकाल मात्र मंडळानं आधीच लावला होता. वक्तृत्वाचं पहिलं बक्षीस तुलारामला मिळालं. मानपत्रावर सुरेख अक्षरांत लिहिलं होतं, 'साथीचे उपाय निरुपयोगी आहेत हे अत्यंत प्रभावीपणे पटवून दिल्याबद्दल.' रुखमानं ते वाचून घेतलं आणि विचारलं, "हे टांगाचं कुठं?" तुलारामनं ते गादीखाली ठेवलं.

पण गोष्ट तिथंच थांबली नाही. बोडीटोल्याचा वाद ऐकलेल्या सानगडीच्या सरपंचांचा आठवडाभरात फोन आला: आमच्या भोंग्यावर असाच वाद लावता का? भोजराज कोणाचं ऐकत नव्हता, पण बोलावणं आलं की चक्की बंद करून निघायचा. अडचण एवढीच की त्याला विरोधक लागायचा, आणि तो तुलारामशिवाय दुसरा नको असायचा. "दुसरे लोक कच्चे बोलतेत," तो म्हणायचा. "भोक दिसलंच नाही तं बुजवाचं कोनतं?" दामिनी प्रत्येक गावच्या आशाताईला आधी फोन करून तिथली भोकं विचारून घ्यायची आणि तुलारामला लिहून द्यायची.

असे दोन म्हातारे दोन वेगळ्या गाड्यांवर, दहा हातांचं अंतर ठेवून, ओरडून बोलत गावोगाव जाऊ लागले. सानगडीत तुलाराम हरला. दिघोरीत सडकून हरला. प्रत्येक गावी तो जीव तोडून बोलायचा, टाळ्या मिळवायचा, आणि मग भोजराज उठला की मनातल्या मनात हात जोडून बसायचा. आंधळगावात मात्र भोजराजचा घसा बसला होता. लोक तुलारामच्या बाजूनं इतके झुकले की त्याला दरदरून घाम फुटला. शेवटी त्यानं खाली बसल्या बसल्या भोजराजला दोन मुद्दे चिठ्ठीवर लिहून सरकवले, तेव्हा कुठं बाजी फिरली.

त्या दिवशी तो घरी आला तेव्हा दिवेलागण झाली होती. रुखमा चुलीपुढं बसली होती. तिनं त्याच्या चेहऱ्याकडं पाहिलं.

"का झालं आज? एवढा उशीर?"

तुलाराम पायरीवर बसला आणि त्यानं लांब श्वास सोडला.

"जिंकता जिंकता वाचलो," तो म्हणाला. "हरलो एकदाचा."

"बरं झालं बाप्पा," रुखमा म्हणाली. "हात धुवा. पान वाढतो."